घरचा जमाखर्च : पाळीव सरड्याचा ताळेबंद



घरात जनावर बाळगणे व्यापारी कुटुंबांना नवे नाही. वाड्याच्या परसात गाय असे, ओसरीवर मांजर असे, माळवदावर पाखरांसाठी दाणापाणी ठेवलेले असे. हे सारे जीव आपल्या हवेतले होते. त्यांचे खाणे आपल्याला ठाऊक होते आणि त्यांचे दुखणे गावातल्या गुरांच्या डॉक्टरास कळत होते. अलीकडे मात्र मोठ्या शहरांतील पाळीव प्राण्यांच्या दुकानांतून दूरदेशीचे सरडे आपल्या घरांत येऊ लागले आहेत. मध्य व दक्षिण अमेरिकेतील हिरवा इग्वाना, ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या प्रदेशातील बिअर्डेड ड्रॅगन, आणि अंगावर ठिपके असलेला लेपर्ड गेको ही त्यांतील नेहमी दिसणारी नावे. नातवाचा वाढदिवस, परीक्षेतील गुण, शेजारच्या मुलाकडे पाहून धरलेला हट्ट, अशा निमित्तांनी ही खरेदी होते. प्राण्याचा भाव विचारला जातो, घासाघीस होते आणि पिल्लू घरी येते. त्यापुढील पंधरा वर्षांचा खर्च कोणी विचारीत नाही. या सदराचा विषय खर्चाचा असल्याने आज त्या पंधरा वर्षांविषयी लिहीत आहे.

मुदतीपासून आरंभ करू. योग्य निगा राखल्यास इग्वाना पंधरा ते वीस वर्षे जगतो. लेपर्ड गेकोही साधारण तितकाच जगतो. बिअर्डेड ड्रॅगनचे आयुष्य सुमारे दहा वर्षांचे धरावे. म्हणजे ही बांधिलकी गृहकर्जाच्या मुदतीएवढी आहे. दहा वर्षांच्या मुलासाठी आणलेला प्राणी त्याच्या सी.ए.च्या आर्टिकलशिपच्या काळातही घरात असणार, आणि मुलगा पुण्या-मुंबईस गेला की त्याची देखभाल आजी-आजोबांकडे येणार. शिवाय दुकानात वीतभर दिसणारे इग्वानाचे पिल्लू शेपटीसह दीड मीटर आणि कित्येकदा त्याहूनही लांब होते. त्याला काचेची पेटी पुरत नाही. माणूस आत उभा राहू शकेल एवढा जाळीचा पिंजरा लागतो.

ठेव मोडून चालणारा संसार

या प्राण्यांच्या दुखण्यांत सर्वांत अधिक आढळणारे आणि सर्वांत अधिक टाळता येण्याजोगे दुखणे हाडांचे आहे. सरड्याच्या कातडीवर सूर्यप्रकाशातील अतिनील किरण पडले म्हणजे शरीरात ड-जीवनसत्त्व तयार होते, आणि त्याच्या साह्याने अन्नातील कॅल्शियम अंगी लागते. किरण मिळाले नाहीत, अथवा अन्नात कॅल्शियम कमी व फॉस्फरस अधिक झाला, तर शरीर आपल्या हाडांतील कॅल्शियम काढून रक्ताची गरज भागवू लागते. बँकेच्या भाषेत सांगावयाचे तर मुदतठेव मोडून चालू खाते भरले जाते. चालू खात्यात शिल्लक दिसते, म्हणून बाहेरून सारे ठीक वाटते. रक्त तपासले तरी त्यातील कॅल्शियम बराच काळ नेहमीसारखेच आढळू शकते. इकडे हाडे पोकळ होत जातात. मग एके दिवशी खालचा जबडा रबरासारखा मऊ लागतो, पाय सुजल्यासारखे दिसतात, बोटे थरथरतात, प्राणी पोट उचलून चालेनासा होतो, आणि फांदीवरून उतरतानाही हाड मोडते.

याचे कारण बहुधा कोणाच्या निष्ठुरपणात नसते. प्राण्याला खिडकीपाशी ठेवले, ऊन त्याच्यावर पडते, एवढ्यावर घरचे समाधान मानतात. परंतु खिडकीची काच उपयोगाचे अतिनील किरण अडवते. आत येते ती ऊब आणि उजेड. विशिष्ट अतिनील दिवा घेतला तर त्याचेही एक गुपित आहे. असा दिवा डोळ्यांना लख्ख दिसत राहिला तरी त्याची किरण देण्याची शक्ती सहा महिने ते वर्षभरात क्षीण होते. दिवा जळतो आहे म्हणून तो काम करतो आहे असे समजणे हे पुस्तकी किमतीवर यंत्र चालू आहे असे मानण्यासारखे आहे. त्याचा घसारा दरवर्षी धरावाच लागतो.

आपल्या महाराष्ट्रात ऊन मुबलक आहे आणि ते फुकट आहे. गच्चीवर जाळीच्या पिंजऱ्यात, अर्ध्या भागात सावली व जवळ पाणी ठेवून, कोणी समोर बसून सकाळचे कोवळे ऊन दाखविल्यास हाडांना मोठा आधार मिळतो. काचेची पेटी मात्र उन्हात कधीही ठेवू नये. ती काही मिनिटांत भट्टीसारखी तापते आणि आतला जीव दगावतो.

आहाराचे तसेच आहे. इग्वाना हा पूर्ण शाकाहारी प्राणी. त्याला पाला, फुले व थोडी फळे लागतात. अन्नात फॉस्फरसच्या दुपटीने कॅल्शियम असावे, असा सर्वसाधारण दंडक आहे. जास्वंदीची पाने-फुले, तुतीचा पाला, शेवग्याचा पाला, किसलेला लाल भोपळा हे आपल्याकडे सहज मिळते. काकडी, केळे व लेट्यूस यांनी पोट भरते, हाडे भरत नाहीत. पालकात कॅल्शियम दिसते, पण त्यातील ऑक्झलेट ते बांधून ठेवते. येणे कागदावर असावे आणि वसूल होऊ नये, तसा हा प्रकार. म्हणून पालक रोजचा नसावा. पौष्टिक म्हणून कुत्र्याचे खाद्य वा अंडे घालणाऱ्यांनी हे जाणावे की, प्राणिज प्रथिनांचा भार आणि पाण्याची कमतरता यांनी इग्वानाची मूत्रपिंडे निकामी होतात आणि सांध्यांत युरिक आम्ल साचून संधिवाताचे दुखणे जडते. ते एकदा जडले की औषधाने मागे फिरवणे अवघड असते.

बाकीची दुखणी थोडक्यात

थंडीत नाशिक-पुण्याकडे रात्रीचा पारा दहा-बारा अंशांवर येतो. सरड्याचे शरीर स्वतःची ऊब निर्माण करीत नाही. थंड पडलेल्या प्राण्याचे पचन थांबते, रोगाशी झुंजण्याची ताकद जाते, तोंडात पू होतो, फुप्फुसे भरतात. उलट, जाळी न लावलेल्या दिव्याने किंवा तापणाऱ्या कृत्रिम दगडाने पोट भाजते, आणि प्राणी वेळीच दूर सरकत नाही. हवेत ओलावा कमी पडला तर कात बोटांवर व शेपटीवर अडकून राहते, दोरा आवळावा तशी आवळते आणि बोट झडते. मादीची गोष्ट निराळीच आहे. नर नसतानाही इग्वानाच्या मादीला अंडी होतात, एका वेळी वीस-तीस आणि कधी त्याहून अधिक. खणण्यास मातीची जागा नसेल, अंगात कॅल्शियम नसेल, तर ती अंडी पोटात अडकतात आणि शस्त्रक्रियेवाचून सुटका होत नाही. पिल्लू घेताना ते नर की मादी हे बहुधा दुकानदारासही सांगता येत नाही, म्हणून हे संभाव्य देणे प्रत्येक खरेदीसोबत घरी येते.

उपचार महाग का पडतात

आपल्याकडील पशुवैद्यकाचे शिक्षण व अनुभव मुख्यत्वे गाय, म्हैस, शेळी, कोंबडी आणि कुत्रा-मांजर यांच्याभोवती असतो. सरपटणाऱ्यांवर नियमित उपचार करणारे डॉक्टर थोडे आहेत आणि बहुतांश मोठ्या शहरांत आहेत. तालुक्याच्या गावी राहणाऱ्यास प्रत्येक तपासणीबरोबर प्रवासाचा दिवस आणि दुकानातील गैरहजेरी धरावी लागते.

दुसरे कारण प्राण्याच्या स्वभावात आहे. जंगलात अशक्त दिसणारा जीव शिकार होतो, म्हणून सरडा आजार लपवितो. तो खाणे सोडतो तोवर दुखणे पुष्कळ पुढे गेलेले असते. मग क्ष-किरण चित्र, शेपटीखालील शिरेतून रक्ताचा नमुना, विष्ठेची तपासणी, सलाईन, काही वेळा नळीने अन्न, हे सारे एकदम करावे लागते. औषधाची मात्रा वजनावर काटेकोर काढावी लागते, शस्त्रक्रियेपूर्वी भूल द्यावी लागते. त्यातून या प्राण्यांचा चयापचय संथ. कुत्रा आठवड्यात बरा होतो तिथे सरड्यास महिने लागतात. शरीर पुरेसे उबदार ठेवले नाही तर दिलेले औषधही नीट लागू पडत नाही. आणि पाळीव प्राण्यांचा विमा आपल्याकडे प्रामुख्याने कुत्र्या-मांजरांसाठी असतो, तेव्हा हा सारा भार खिशातून जातो.

आमच्या परिचयातील एका लोखंडी सामानाच्या व्यापारी कुटुंबात हे घडले. नातवासाठी आणलेला इग्वाना पेढीच्या काचेच्या तावदानापाशी पेटीत ठेवला होता आणि काकडी व लेट्यूसवर वाढत होता. काही महिन्यांत त्याचा जबडा मऊ पडला आणि मागचे पाय उचलेनात. गावच्या डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितले, की हे काम माझ्या अनुभवातले नाही. चार तासांचा प्रवास करून शहरात नेल्यावर क्ष-किरणात दोन जागी हाड मोडलेले दिसले. अंदाजे खर्चाचा कागद हाती आला, तेव्हा थोरला मुलगा वडिलांना म्हणाला, "अण्णा, एवढ्या औषधात दुसरे नवे पिल्लू येईल आणि वर पैसे उरतील." हिशेब चुकीचा नव्हता. अण्णाही काही बोलले नाहीत. सोबत गेलेल्या अक्का मात्र म्हणाल्या, "अरे, हा काय बिघडलेला पंखा आहे? घरात आणताना भाव केलात, आता करू नका." उपचार झाले. कॅल्शियमचे डोस, नवे दिवे, बदललेला आहार, आणि दर काही आठवड्यांनी शहराची फेरी, असे बरेच महिने चालले. प्राणी जगला. त्याचा जबडा वाकडा राहिला आणि एक पाय कायमचा बाकदार झाला. कारण मोडलेले हाड जुळते, पण वाढीच्या वयात बिघडलेला आकार परत येत नाही.

त्या मुलाचे वाक्य व्यापारी मनाला सहज सुचणारे आहे, म्हणून त्याचा विचार केला पाहिजे. मालाची दुरुस्ती खरेदीपेक्षा महाग पडली की आपण तो माल बुडीत खाती टाकतो. व्यापारात हे शहाणपण आहे. जिवाच्या बाबतीत खरेदीची किंमत ही उपचाराच्या खर्चाची मर्यादा ठरवू शकत नाही. कारण वेदना किमतीच्या प्रमाणात कमी-अधिक होत नाही. हे मान्य नसेल तर खरेदीच करू नये, एवढा मार्ग आपल्या हाती आहे.

आकडेमोड अशी करावी

भाव शहरागणिक व कंपनीगणिक बदलतात, म्हणून खालील दर केवळ पद्धत दाखविण्यासाठी मानलेले आहेत. वाचकांनी आपापले घालावेत.

उबेचा १०० वॅटचा दिवा दिवसाला १२ तास चालला तर १.२ युनिट, म्हणजे वर्षाला ४३८ युनिट. अतिनील किरणांची २४ वॅटची नळी तितकेच तास चालल्यास वर्षाला सुमारे १०५ युनिट. थंडीच्या १२० रात्री १०० वॅटचा हीटर १२ तास धरला तर १४४ युनिट. एकूण ६८७ युनिट. युनिटला १० रुपये धरल्यास वर्षाचे ६,८७० रुपये आणि पंधरा वर्षांचे १,०३,०५० रुपये होतात. थर्मोस्टॅट बसविल्यास यात बचत होते आणि प्राणी भाजण्याचा धोकाही घटतो. अतिनील नळी २,५०० रुपयांची धरून दरवर्षी बदलली तर पंधरा वर्षांत ३७,५०० रुपये. केवळ प्रकाश आणि ऊब यांचीच बेरीज १,४०,५५० रुपये झाली. यात पिंजरा नाही, पाला नाही, कॅल्शियमची पूड नाही आणि डॉक्टरांची एकही भेट नाही.

वैद्यकीय तरतुदीसाठी खरेदीपूर्वीच सरपटणाऱ्यांवर उपचार करणारा जवळचा डॉक्टर शोधावा आणि त्यांना चार दर विचारावेत : साधी तपासणी, क्ष-किरण, रक्ततपासणी, आणि भूल देऊन केलेली शस्त्रक्रिया. या चारांची बेरीज, अधिक प्रवास, एवढी रक्कम नेहमी हाताशी असली पाहिजे. त्यासाठी निराळे आवर्ती ठेव खाते उघडावे. महिना १,५०० रुपये भरल्यास वर्षाला १८,००० रुपये मुद्दल जमते. ही रक्कम भरणे जड वाटत असेल तर तो प्राणी आपल्या ऐपतीत बसत नाही, हे पैसे न गमावता कळून येईल.

आचार, आरोग्य आणि कायदा

लेपर्ड गेको केवळ कीटकांवर जगतो. बिअर्डेड ड्रॅगनला, विशेषतः वाढीच्या वयात, किडे लागतातच. म्हणजे घरात रातकिडे व अळ्या जिवंत आणून खाऊ घालणे आले. आपल्या घरांत हे कोणाच्याही हातून होणार नाही. मग काही जण त्या प्राण्यास पाल्यावर ठेवू पाहतात आणि तो कुपोषणाने झिजतो. अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत बंध आणि अन्नपाननिरोध यांची गणना आहे. जिवाला त्याचे स्वाभाविक अन्न न देणे त्यातच मोडते. ज्याचा आहार आपल्या आचारात बसत नाही, तो प्राणी घरात न आणणे हाच त्याच्यावरचा उपकार होय. इग्वाना शाकाहारी आहे म्हणून हा प्रश्न तिथे उरत नाही, परंतु बंधनाचा उरतो, आणि त्याचे उत्तर प्रत्येक कुटुंबाने स्वतःच द्यावयाचे आहे.

एकत्र कुटुंबांसाठी आणखी एक महत्त्वाची गोष्ट. निरोगी दिसणाऱ्या सरड्याच्या विष्ठेतही साल्मोनेला जंतू असू शकतात. अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेचा सल्ला असा, की पाच वर्षांखालील मुले, पासष्ट वर्षांवरील वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण यांच्या घरी सरपटणारे प्राणी ठेवू नयेत. आपल्या बहुतेक घरांत पणतू आणि पणजोबा एकाच छताखाली असतात, तेव्हा हा सल्ला थेट आपल्यालाच लागू पडतो. प्राणी असेलच तर त्याची भांडी स्वयंपाकघरात धुऊ नयेत, आणि त्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत.

कायद्याचेही पाहिले पाहिजे. घोरपड व आपल्याकडील इतर संरक्षित वन्यप्राणी घरी बाळगणे हा गुन्हाच आहे. हिरवा इग्वाना आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ ची दुरुस्ती आणि त्याखालील २०२४ चे नियम यांनुसार अशा प्राण्यांची नोंदणी शासनाच्या परिवेश संकेतस्थळावर करावी लागते. जन्म, मृत्यू व हस्तांतरण यांचीही नोंद द्यावी लागते. बिलाशिवाय आणि नोंदणीच्या कागदाशिवाय खरेदी करू नये. नंतर कोणी विचारले तर दुकानदार सापडणार नाही, पत्ता आपला असेल.

प्राणी नकोसा झाला तर पांजरपोळात देऊ, असे काही जण सहज म्हणतात. मुंबईच्या भुलेश्वरचा पांजरपोळ १८३४ सालचा. तो आणि त्याच्यासारख्या संस्था आपल्याकडील मुक्या जनावरांसाठी दानशूरांनी उभ्या केल्या. अतिनील दिव्यांवर जगणाऱ्या परदेशी सरड्याची सोय तेथे गृहीत धरणे योग्य नव्हे. त्याला तळ्याकाठी वा माळावर सोडून देणे तर अधिकच वाईट. तो थंडीने वा कुत्र्यांच्या तोंडी मरतो, किंवा जगला तर इथल्या जिवांना त्रास होतो. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात सुटलेल्या इग्वानांनी बागा व कालव्यांचे काठ एवढे पोखरले, की २०२१ मध्ये त्या राज्याने हिरव्या इग्वानास निषिद्ध प्रजातींच्या यादीत घातले. तेथे थंडीची लाट आली की गारठलेले इग्वाना झाडांवरून खाली पडतात.

ज्यांच्या घरी प्राणी आहे त्यांच्यासाठी

हा लेख वाचून कोणी आपल्या मुलास बोल लावू नये. प्राणी घरात आहे, तर पुढील कामे या आठवड्यात करावीत.

१) अतिनील दिवा विकत घेतल्याची तारीख त्याच्या खोक्यावर लिहावी. वर्ष उलटले असेल तर दिवा बदलावा.

२) प्राणी काचेआड असेल तर त्याला जाळीच्या पिंजऱ्यात थेट ऊन मिळण्याची व्यवस्था करावी.

३) दर रविवारी स्वतंत्र काट्यावर त्याचे वजन करून वहीत तारखेसह लिहावे. लपलेला आजार वहीत आधी दिसतो. वजनाचा दहावा भाग घटला, तर प्राणी खात असला तरी डॉक्टरांना दाखवावे.

४) खालचा जबडा बोटाने हलकेच दाबून पाहावा. तो टणक असला पाहिजे. पाय सुजलेले, बोटे थरथरणारी किंवा शेपूट वाकडी दिसल्यास दिवस काढू नयेत.

५) डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक आणि नोंदणीचा कागद एकाच पाकिटात ठेवून घरातील दोघांना जागा सांगावी.

वजनाची वही मुलाच्या हाती द्यावी. रोजमेळ लिहिण्याचा पहिला धडा म्हणून ती उपयोगी पडेल, आणि आपण मागितलेल्या जिवाचे देणे रोज थोडे थोडे फेडावे लागते, हेही त्याला कोणी न सांगता कळेल.

पुढील अंकात बँकेच्या लॉकरचे नामांकन आणि त्यावरून घरांत होणारे गैरसमज यांविषयी लिहीन.